खालचे सैल फेरे

मालवण,
११ जून २०२५

दाजीनू,

सलाम. पाकीट उलटसुलट करून बघू नका, वजीराचं पत्र आहे, अलीमियाँच्या बायकोचं. पस्तीस वर्षांची ओळख आपली, पण तुम्हाला पत्र लिहायची पाळी कधी आली नव्हती. फोन करून उपयोग नाही, तुमच्या कानांनी मुंबईच्या गोदीतच राजीनामा दिला. धामापूरला घरी यावं तर दारात विनीता. कुडाळच्या हॉस्पिटलात मी तुमच्या जावयासाठी, सुशांतसाठी, पेज घेऊन गेले होते, तर तुमच्या लेकीने डबा हातात घेतला नाही. "मावशी, तुमच्या झिलान माझ्या घोवाचो पाय घेतल्यान. आता तुमची पेज नको," म्हणाली. मी रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर डबा अंगावर फेकला असता.

आता मुद्द्याचं लिहिते. पावसाळ्याआधी दरवर्षी धक्क्यावरच्या विंचने होड्या वर ओढतात तशाच अठ्ठावीस मेला ओढत होते. सुशांतचा ट्रॉलर शेवटचा. विंचच्या लिव्हरवर माझा लेक इरशाद. वायर तुटली, टोक उसळून आलं आणि तुमच्या जावयाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी तुम्हाला बोलावून घेतलं, कारण त्या विंचचं तुमच्याएवढं कोणाला कळतं? तुम्ही ड्रमकडे बघितलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हिसको बसलो." बस्स. दुसरा शब्द नाही. त्या दिवसापासून गावात एकच बोलणं, इरशादने लिव्हर दणकन ओढली. त्याला विंचला हात लावायला बंदी झाली आहे.

तो स्वतः काय म्हणतो ते ऐका. "मा, माझ्याच हातान हिसको दिलो आसतलो. माका काय याद नाय." उजव्या हाताने जेवत नाही. चमचा घेतो, तोही डाव्या हातात. मुसलमानाचं पोर डाव्या हाताने घास घेतं, मला बघवत नाही हो. त्याची छोटी सनोबर बोट धरायला गेली तर हात मागे घेतो.

तुम्ही त्याला ते यंत्र शिकवलंत. तेव्हा तुम्हीच सांगा, खरंच त्याचा हात चुकला का? हो म्हणालात तर हो. मी रडेन, पण मानेन. मला खरं काय ते हवं आहे.

वजीरा


धामापूर,
१८ जून २०२५

वजीराभाबी,

नमस्कार. पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

सुशांतची जखम भरत आहे. दर मंगळवारी ड्रेसिंगला कुडाळला नेतो. दिवाळीच्या सुमारास कृत्रिम पाय बसवता येईल असं डॉक्टर म्हणतात. विनीताचं तुम्ही मनावर घेऊ नका, ती हल्ली माझ्याशीसुद्धा धड बोलत नाही, म्हणजे वहीत धड लिहीत नाही. मला सांगायचं ते ही माणसं एका शंभर पानी वहीत लिहून दाखवतात.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. भाबी, वायर दिसते एकसंध, पण तिच्यात सहा पेड असतात आणि एकेका पेडात पुष्कळ बारीक तारा. ड्रमवर गुंडाळली की बाहेरच्या तारा ताणल्या जातात, आतल्या दबतात. उलगडली की सरळ होतात. पुन्हा गुंडाळा, पुन्हा तेच. असं हजारदा होतं. वरून ग्रीस लावलेलं चकचकीत दिसतं आणि आत एकेक तार थकत जाते. कधी तुटेल ते सांगता येत नाही. माणूस निमित्त होतो. इरशादला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. तरुण आहेस, पुढे आयुष्य आहे.

एक काम करा. उरलेली वायर अजून ड्रमवरच असेल. ती कोणी उलगडून बघितली का? नसेल तर वर ताडपत्री घालायला सांगा आणि कोणी उगाच हात लावू नका. तुटके पेड हाताला लागतात.

प्रकृतीला जपा. अलीमियाँ असता तर त्याने धीर दिला असता.

आपला,
दाजी


मालवण,
२७ जून २०२५

दाजीनू,

तुमचं पत्र म्हणजे सोलकढी खरी, पण त्यात सोलंच नाहीत. मी विचारलं काय आणि तुम्ही सांगितलं काय! हो की नाही एवढं मागितलं, तर तारांचं पुराण लावलंत.

पण मी काही खुळी नाही. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. तुम्ही भला माणूस. आईच्या तोंडावर 'तुझ्या मुलाची चूक' म्हणायला जीभ वळेना, म्हणून आडून आडून लिहिलंत. ताडपत्री घालायला का सांगितलीत तेही कळलं. पोराच्या नजरेला ती वायर पुन्हा पडू नये म्हणून. मी आजच घालून घेतली.

इरशादने विचारलं, "दाजींनी माझी चूक नाय असा लिवल्यानी काय?" मी म्हटलं, "नाय."  तो म्हणाला, "मगे झाला. दाजींक म्हायत नाय तर कोणाक म्हायत?" तुमच्यावर त्याचा असा विश्वास आहे बघा. बापापेक्षा जास्त.

येत्या रविवारी तो तुमच्याकडे येणार आहे, सुशांतची माफी मागायला. मी नको म्हटलं नाही. चूक केली तर वाकायला लाज कसली? फक्त विनीताला थोडं आवरा. त्याला चार शिव्या दिल्या तर देऊ दे, पण हाकलू नको म्हणावं.

आणि दुसरं. त्याने ओमानच्या नोकरीच्या कागदावर सही केली. सूनबाईच्या, अर्शियाच्या, भावाने सलालाहला काम बघितलं आहे, एका मॉलमध्ये साफसफाईचं. पंचवीस जुलैला गोव्याच्या मोपा विमानतळावरून विमान. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार सांगणारा पोरगा तिकडे फरशी पुसणार. यंत्राला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली आहे म्हणे. मी काय बोलू?

वजीरा


मालवण,
५ जुलै २०२५

दाजीनू,

तुमचं उत्तर नाही आलं, पण आता त्याची गरजही राहिली नाही. हे पत्र फक्त आभाराचं.

इरशाद रविवारी परत आला तो वेगळाच. सगळं सांगितलं त्याने. सुशांत खाटेवर होता, हा गेला तो थेट खाली बसला आणि त्याच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवलं. "माका माफ कर," एवढंच बोलता आलं. सुशांतने त्याला दंडाला धरून उठवलं. म्हणाला, "जावंदे रे. तू काय मुद्दाम केलंस? तुका मी माफ केलंय." मोठं मन लागतं हो त्याला! विनीताने तोंड फिरवलं होतं, पण चहा केला तिने. माझी पेज नाही घेतली, पण माझ्या लेकाला चहा दिला, मला तेवढं पुरे.

तुमच्याबद्दल म्हणाला, "दाजी ओसरीवर बसले होते. काय बोलले नाय, पण ते थंय होते म्हणान माका धीर इलो."

घरी येऊन तो जेवला. उजव्या हाताने, दाजीनू! महिन्याने. मोरी माशाचं सांबारं केलं होतं, दोनदा भात घेतला. मी चुलीकडे तोंड करून रडले. चूक झाली ती झाली, पण माफी मिळाली. आता जाईल तिकडे हलक्या मनाने तरी जाईल.

हे सगळं तुमच्या घरात घडलं. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. सोबत कोळंबीचं लोणचं पाठवते, तुम्हाला आवडतं ते. अलीमियाँ म्हणायचा, दाजी आहे तोवर मला भावाची उणीव नाही. खरं बोलायचा.

तुमची,
वजीरा


धामापूर,
१२ जुलै २०२५

वजीराभाबी,

लोणच्याची बाटली मी उघडलेली नाही. परत पाठवायची तरी कशी, म्हणून फडताळात ठेवली आहे.

इरशादची चूक नाही. हे पहिल्यांदा लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्ही पत्र फाडलंत तरी एवढं वाचलेलं असावं. त्याच्या हाताने हिसका दिला नाही. चूक माझी आहे. माझी एकट्याची. हे मला त्या दिवशीच, ड्रमकडे बघितल्याबरोबर कळलं होतं.

नीट सांगतो. गेल्या वर्षी ऑगस्टच्या एक तारखेला आम्ही विंचवर नवी वायर चढवली. मी, इरशाद आणि दोन गडी. नवी वायर मोठ्या लाकडी रिळावर येते. कारखान्यात एका बाजूला वळवून गुंडाळलेली असते आणि महिनोन् महिने तशीच बसून तिला तो वाक पडतो. तो वाक ती सोडत नाही. म्हणून नियम असा की रिळाच्या वरून सुटणारी वायर ड्रमच्या वरच चढवायची, म्हणजे वाक त्याच बाजूचा राहतो आणि वायर शांत बसते. खालून सुटणारी वर चढवली तर प्रत्येक तार एकदा उलटी मोडते. डब्याचा पत्रा पुढेमागे वाकवला की कसा पांढरा पडतो, तसं तिच्या आत होतं. आणि तशी वायर ड्रमला चिकटून बसत नाही, उसळते. हे सगळं इरशादला मीच शिकवलं, तो सोळा वर्षांचा असताना.

त्या दिवशी टेम्पोवाल्याने रीळ उतरवलं ते उलट्या तोंडाचं. वायर खालून सुटत होती. रीळ फिरवून लावायला हवं होतं, आणि फिरवायला जागा एकच, उंडीच्या झाडाखाली, गावाच्या राखणदार देवचाराच्या पाषाणापुढे. तिथे लोखंड न्यायचं तर आधी गाऱ्हाणं घालून देवाची परवानगी घ्यावी लागते. ते घालणारा मानकरी गावकर सुतकात होता. दहा दिवस थांबायला हवं होतं.

इरशाद म्हणाला, "दाजीनू, वरसून वर घेवक व्हयी मा? तुमीच सांगितलास." पोरगा मुसलमान, त्या पाषाणाबद्दल काही बोलला नाही. तो म्हणाला, "दहा दीस थांबूया." मी त्याला गप्प केलं. "माका शिकवतंस? असोच गुंडाळ," म्हटलं.

का, ते ऐका. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. दहा दिवस थांबलो असतो तर दुसऱ्या धक्क्यावरच्या होड्या आधी पाण्यात गेल्या असत्या. मला माझ्या जावयाचा ट्रॉलर पहिला पाण्यात बघायचा होता. देवचाराला मी दोष देत नाही. त्याने मला अडवलं नव्हतं, थांब म्हटलं होतं. मला देवाची भीतीही हवी होती आणि घाईही. दोन्ही एकदम कशी चालणार?

पुढे आणखी एक केलं. वायर चढवताना रिळाच्या कडेला फळी दाबून धरतात, म्हणजे वायर ताठ राहते आणि खालचे फेरे घट्ट बसतात. फळी लावली की ही उलटी वायर जास्तच उसळायला लागली. मी फळी काढायला सांगितली. खालचे दोन थर सैल बसले. वरून कोणाला दिसत नव्हतं. मला माहीत होतं.

वर्षभर होड्या हलक्या होत्या तोवर निभावलं. सुशांतचा ट्रॉलर सगळ्यात जड, त्यात तळाला पाणी साचलेलं. वरचा ताणलेला फेरा खालच्या सैल फेऱ्यांमध्ये रुतला. पेड ठेचले गेले. फेरा एकदम आत गेला, वायर क्षणभर ढिली पडली आणि मग ट्रॉलरचं सगळं वजन त्या ठेचलेल्या जागेवर आलं. तोच हिसका. तो ड्रममध्ये झाला, लिव्हरवर नाही.

सोसायटीच्या माणसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हिसको बसलो." खोटं बोललो नाही, भाबी. मी नुसता पुढचं बोललो नाही. सगळे इरशादकडे वळले आणि मी त्यांना वळू दिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि सुळीपाशी उभा राहिलो. ताडपत्री घालायला सांगितली ती इरशादच्या नजरेसाठी नव्हे. कोणी थर उलगडले असते तर मी सापडलो असतो.

तुमच्या आभाराच्या पत्राने मला झोपू दिलं नाही. शिवी दिली असतीत तर मी निभावलं असतं.

आज सकाळी आधी घरात सांगितलं. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही, आपला आवाज किती मोठा ते त्याला कळत नाही. मी बोलत होतो तेव्हा शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिलेली दिसली. बरंच झालं. विनीता काहीतरी ओरडत होती, तिचं तोंड हलताना दिसत होतं. वहीत तिने काही लिहिलं नाही. सुशांतने वही मागितली आणि एक ओळ लिहिली: 'त्या पोराला आधी कळवा.'

सोसायटीलाही आजच लिहून देतो आहे. इरशादला म्हणा, माझ्यावर विश्वास ठेवू नको, स्वतः जाऊन बघ. वायर उलगड. खालून दुसऱ्या थरात, डाव्या कडेपासून सातव्या-आठव्या फेऱ्याशी बघ. तिथे ती चेपलेली असेल.

दाजी


मालवण,
१८ जुलै २०२५

दाजी,

तुमचं पत्र मी फाडलं नाही. इरशादने वाचलं, अर्शियाने वाचलं, सोसायटीच्या अध्यक्षाला मी स्वतः नेऊन दाखवलं. पोराची बंदी त्याच दिवशी उठवली. दोघे-तिघे माफी मागायला घरी आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

इरशाद भर पावसात धक्क्यावर गेला. ताडपत्री काढली आणि एकेक फेरा सोडत खालपर्यंत गेला. तुम्ही सांगितलंत तिथेच होतं. हातभर तुकडा कापून घरी आणला आणि माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. गोल वायर पार चपटी झालेली, तारा बाहेर आलेल्या. त्यावरून उजव्या हाताचा अंगठा फिरवत राहिला. "मा, माझो हात नाय हो. माझो हात नव्हतो," असं किती वेळा म्हणाला, मी मोजलं नाही. चौतीस वर्षांचा बाप्या, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

ओमानला जायचं की नाही ते अजून ठरवत नाही. मी विचारत नाही.

तुम्हाला मी शिव्या द्यायला लागले तर मलाच गप्प केलं त्याने. "दाजींका कायएक बोला नको. मी बोललंय आणि मगे गप रवलंय. माझोय हात लागलो त्या वायरीक." असा तो! त्याच्या बापाचा स्वभाव. तो तुम्हाला माफ करील, कदाचित केलंही असेल. मी त्याचा बाप नाही. मला ते जमत नाही, आणि आज तरी जमावं असं वाटतही नाही. तुम्ही खरं सांगितलंत, घरदार पणाला लावून सांगितलंत, हे मला दिसतं. पण दीड महिना माझं पोर स्वतःच्या हाताला खुनी समजत होतं आणि तुम्ही मला तारा कशा थकतात ते शिकवत होता!

वायर, रीळ, फळी, सगळं समजलं मला. माणसाकडून चूक होते. भीतीने माणूस गप्प बसतो, तेही समजू शकते. एकच गोष्ट गळ्याखाली उतरत नाही, आणि ती तुम्ही एवढ्या लांबलचक पत्रात लिहिली नाहीत.

त्या रविवारी माझा इरशाद तुमच्या घरात, तुम्ही केलेल्या चुकीसाठी सुशांतच्या पायावर डोकं ठेवून होता. तुम्ही ओसरीवर, चार हातांवर. तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?

वजीरा


धामापूर,
२३ जुलै २०२५

वजीराभाबी,

विनीता आणि सुशांत परवा त्याच्या भावाकडे राहायला गेले. जाताना सुशांतने माझ्या खांद्यावर हात ठेवला. विनीताने माझ्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. माझ्याकडे बघितलं नाही. सोसायटीने बोलावलं आहे, सोमवारी जाईन, जे म्हणतील ते मान्य करीन.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. चार दिवस लिहितो आहे आणि खोडतो आहे. दर वेळी उत्तर थोडं बरं दिसेल असं करायचा मोह होतो. मान खाली घातली होती असं लिहिलं, खोडलं. डोळ्यांत पाणी होतं असं लिहिलं, तेही खोडलं. पाणी नव्हतं.

मी त्याच्याकडेच बघत होतो. सगळा वेळ. ऐकू येत नव्हतं, पण तो काय बोलला ते कळलं. सुशांतने त्याला उठवलं तेही बघितलं. आणि मला हायसं वाटलं, भाबी. छातीवरचं ओझं उतरलं. मनात आलं, माफी मागणाराही झाला, देणाराही झाला, आता कोणी काही विचारणार नाही, मिटलं.

विनीता चहा करायला उठली तेव्हा मी तिला हाताने खूण केली, मलाही अर्धा कप आण म्हणून. तिने आणला. इरशाद समोर बसला होता. मी तो चहा सगळा प्यालो.

दाजी